‘तुझ्याशिवाय लाइन चालत नाही’

इन्क्रिमेंटची पत्रं हातात पडली की या सदराकडे येणारी पत्रंही वाढतात. वर्षभर मनात दाबून ठेवलेलं त्या एका कागदाने वर येतं. या वेळी आलेल्यांपैकी तीन पत्रं घेतली आहेत. नावं, कंपन्या, ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. माझी सगळी नोकरी पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत, मनुष्यबळ विभागात झाली. त्यामुळे पहिल्या पत्राला उत्तर लांबलचक झालं आहे. त्या माणसाच्या जागी असलेली कितीतरी माणसं मी रोज गेटमधून आत जाताना पाहिली आहेत.

प्रश्न : मॅडम, मी मूळचा परभणी जिल्ह्यातला. दहावीनंतर आयटीआय मशिनिस्ट केलं, अप्रेंटिसशिप केली आणि चाकणला आलो. अकरा वर्षं एकाच कंपनीत व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमवर धातू कापणारं मशिन, चालवतोय. आधी कॉन्ट्रॅक्टवर होतो, सहा वर्षांपूर्वी पर्मनंट झालो. वय ३४. आमच्याकडे गिअरबॉक्सच्या हाउसिंगचं मशिनिंग होतं. माझ्या शेजारी उभं राहून शिकलेली डिप्लोमावाली दोन पोरं आज लाइन इंजिनिअर आहेत, आणि तीच मला टार्गेट विचारतात. साहेबांकडे विषय काढला की ते म्हणतात, ‘तुझ्याशिवाय लाइन चालत नाही, तुला हलवून कसं चालेल?’ ऐकायला बरं वाटतं, पण पगार आहे तिथेच. इंग्रजी येत नाही. एक जण पत्रव्यवहाराने इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून देतो म्हणतोय, ४५ हजार मागतोय. मेव्हणा म्हणतो दुबईला चल. बायको म्हणते, आहे ते बरं आहे. मी काय करू?
— एक वाचक, चाकण

उत्तर : साहेबांचं ते वाक्य मी नोकरीत असताना फार वेळा ऐकलं. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा खोट नसते. महिनाअखेरीला डिस्पॅच त्याच्या डोक्यावर असतो. तुम्ही मशिनवरून हललात की पहिले दोन-तीन आठवडे रिजेक्शन वाढणार आणि वरून बोलणी त्याला बसणार, हे त्याला दिसतं. तुमचं कौतुक खरं आहे, आणि तुम्ही जागचे हलू नये ही त्याची गरजही तितकीच खरी आहे. म्हणून तुमची पहिली पायरी पगार मागण्याची नाही. तुमच्याशिवाय ते मशिन चालेल अशी सोय आधी तुम्हालाच करायची आहे.

हे ऐकून तुम्हाला धास्ती वाटेल. आपलं कसब आपल्याजवळ ठेवलं की नोकरी टिकते, असं शॉपफ्लोअरवर पुष्कळ जण मानतात. नोकरी टिकते, पण तिथेच टिकते. बोअर, म्हणजे भोकाचं माप, वर सरकायला लागला की किती मायक्रॉनला थांबायचं, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेल्याचा आवाज कसा येतो, क्लॅम्पिंग करताना हाउसिंग कुठे दबतं, हे तुम्हाला अकरा वर्षांत कळलंय. ते एखाद्या नव्या पोराला नीट शिकवा. तो तयार झाला की साहेबाकडे तुम्हाला नाही म्हणायला कारण उरत नाही.

आता तुमच्या लाइनच्या बोर्डाकडे जा. सुरक्षेच्या सूचना आणि रोजचे आकडे लावलेले असतात, तिथेच स्किल मॅट्रिक्स नावाचा एक तक्ता असतो. डावीकडे नावं, वरच्या ओळीत कामं, आणि प्रत्येक चौकटीत चार भागांचं एक वर्तुळ. एक भाग काळा म्हणजे शिकतोय. दोन भाग म्हणजे कोणी लक्ष ठेवलं तर करतो. तीन भाग म्हणजे एकटा करतो. पूर्ण काळं वर्तुळ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. वर्तुळं भरण्याची पद्धत कंपनीगणिक थोडी वेगळी असते, पण अर्थ हाच. तुम्ही रोज त्या तक्त्यासमोरून जात असाल, पण तो ऑडिटसाठी लावलाय असं समजून कामगार त्याच्याकडे पाहत नाहीत. ऑडिटसाठी लावलाय हे खरंच आहे. वाहन उद्योगाला माल पुरवणाऱ्या कंपन्यांना २०१६पासून आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्तेचं मानक पाळावं लागतं. कोणाला काय येतं आणि जे येत नाही ते शिकवायला कंपनी काय करते, याची नोंद त्यात दाखवावी लागते. ग्राहक कंपनीचा ऑडिटर आला की त्या तक्त्यावरच बोट ठेवून विचारतो.

तर तुमच्या नावासमोरची ओळ वाचा. ‘ऑपरेशन’च्या रकान्यात वर्तुळ पूर्ण काळं असेल. ‘सेटिंग’च्या रकान्यात काय आहे? ‘प्रोग्रॅम एडिटिंग’? ‘फर्स्ट पीस इन्स्पेक्शन’? मला वाटतं, तिथे वर्तुळं रिकामी असतील, किंवा अकरा वर्षांत कोणी ती भरायची तसदी घेतली नसेल. तुम्ही कुठे अडकलात ते त्या रिकाम्या वर्तुळांत नेमकं लिहिलेलं आहे. डिप्लोमावाली पोरं पुढे गेली, त्यात कागदाचा वाटा आहेच, तो मी नाकारत नाही. पण त्यांना पहिल्या वर्षीच सगळ्या खात्यांत फिरवलं जातं. त्यांची वर्तुळं रुंदीत भरतात. तुमचं एकच भरलं आणि तेच अकरा वर्षं गडद होत राहिलं.

तुमच्या पत्रात ‘व्हीएमसी चालवतो’ एवढंच आहे. यात नेमकं काय काय येतं, ते आज घरी वहीत लिहून काढा. जॉब लावणं, सायकल स्टार्ट, बर काढणं, गेजने तपासणं, एवढं ऑपरेटरचं. वेअर ऑफसेट, म्हणजे टूल झिजल्याची दुरुस्ती, स्वतः देता का? इन्सर्ट बदलल्यावर टूल लेंग्थ स्वतः घेता का? नवीन फिक्स्चर लावून डायलने सरळ करणं, वर्क ऑफसेट घेणं (म्हणजे जॉबची शून्य जागा मशिनला सांगणं), पहिला पीस काढून क्वालिटीकडून पास करून घेणं हे सेटरचं काम. माझा अंदाज आहे की यातलं निम्मं तुम्ही नाइट शिफ्टला सेटर नसताना करतच असाल, पण त्याची नोंद कुठेच नाही. प्रोग्रॅममध्ये स्पीड-फीड बदलणं, जी-कोड, म्हणजे मशिनच्या प्रोग्रॅमची भाषा, वाचता येणं, ड्रॉइंगवरून नवा प्रोग्रॅम लिहिणं हे त्याच्या पुढचं. ऑपरेटर, सेटर, प्रोग्रॅमर, मग प्रोसेस किंवा लाइनची जबाबदारी, अशी ही चढण आहे. तुम्हाला आज एकच पायरी चढायची आहे, सेटरची.

मग साहेबांशी बोला. अप्रेझलच्या दिवशी नको, महिनाअखेरीला तर नकोच. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, डिस्पॅच होऊन गेल्यावर, आणि तेही शांतपणे : ‘साहेब, सेटिंगच्या रकान्यात माझं वर्तुळ रिकामं आहे. माझ्या मशिनवर मी एकाला तयार केलंय. आठवड्यातून दोन दिवस मला सेटरबरोबर राहू द्या. दोन महिन्यांनी क्वालिटीकडून माझी परीक्षा घ्या.’ यात तुम्ही पद मागत नाही आणि पैसे मागत नाही. काम मागताय. मी त्या टेबलाच्या पलीकडे बसले आहे, म्हणून सांगते : ‘मला प्रमोशन द्या’ या मागणीला बजेट नाही म्हणून टाळता येतं, ‘मला हे काम शिकू द्या’ हिला नाही म्हणणं फार अवघड जातं. शिवाय सुट्टीत, आजारपणात दुसरा सेटर हाताशी असावा ही साहेबांचीही गरज असते.

याच्या जोडीला एक छोटं काम हाती घ्या. एका मॉडेलवरून दुसऱ्या मॉडेलवर जाताना तुमचं मशिन किती वेळ बंद राहतं, ते तीन-चार वेळा घड्याळ लावून पाहा. त्यातला बराच वेळ टूल आणायला, ॲलन की शोधायला, गेज क्वालिटीतून यायची वाट पाहण्यात जातो. यातलं मशिन चालू असतानाच आधी काय करून ठेवता येईल ते वेगळं काढा. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने सेटिंगचा वेळ कमी करण्याची जी पद्धत बसवली, तिचं मर्म एवढंच आहे. आमच्याकडच्या एका ऑपरेटरने भंगारातल्या रॅकची ट्रॉली करून पुढच्या मॉडेलचे टूल तिच्यावर क्रमाने लावून ठेवायला सुरुवात केली होती. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने आधीचा वेळ, नंतरचा वेळ आणि ट्रॉलीचा फोटो एका कागदावर मराठीत लिहून दिला, आणि प्लांट हेड ग्राहकाची माणसं आली की त्यांना घेऊन त्या ट्रॉलीपाशी थांबायचे. पुढे सेटरची जागा निघाली तेव्हा त्याचं नाव कोणाला सुचवावं लागलं नाही. तुम्हीही असा एक कागद तयार करा. अकरा वर्षांच्या अनुभवाचा दाखला म्हणून तो कागद पुढे ठेवता येतो. ‘अकरा वर्षं काम केलं’ हे नुसतं सांगितलं तर कोणाच्या लक्षात राहत नाही.

इंग्रजीची भीती थोडी बाजूला ठेवा. सेटरला भाषण करायचं नसतं. ड्रॉइंगवरच्या खुणा, म्हणजे फ्लॅटनेस, पोझिशन, रनआउट यांची चिन्हं, मशिनवरचे अलार्म आणि प्रोसेस शीटमधले ठरावीक शब्द, एवढं वाचता आलं की काम चालतं. एकेक अलार्म वहीत उतरवा आणि शेजारी त्याचा अर्थ मराठीत लिहा. पुढे लाइनची जबाबदारी आली की चार ओळींचा मेल लिहावा लागेल, तेव्हा तेही जमेल.

पत्रव्यवहाराच्या डिप्लोमाचे ४५ हजार मात्र कोणाला देऊ नका. हे मी अगदी ठासून सांगते. इंजिनिअरिंगचं शिक्षण पत्रव्यवहाराने द्यायला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता नाही. अशा पदव्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर २०१७च्या निकालात पुष्कळांच्या पदव्या अडचणीत आल्या. शिकायचंच असेल तर सरळ रस्ता आहे : दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्गही काही मान्यताप्राप्त संस्थांत असतात. चौकशी संस्थेत जाऊन करा, दलालाकडे नको. नुसतं प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सरकारी संस्थेचे छोटे अभ्यासक्रम पाहा. पण आधी सेटिंग. ज्याने हाताने वर्क ऑफसेट घेतलेला नाही, त्याच्या प्रोग्रॅमिंगच्या प्रमाणपत्राला कारखान्यात कोणी विचारत नाही.

दुबईबद्दल एवढंच : आज गेलात तर ऑपरेटर म्हणूनच जाल. जायचंच ठरलं तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटची नोंदणी तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर याहून जास्त घेता येत नाही. लाखांत मागणारा माणूस कोण आहे ते मग सांगायला नको.

सहा महिने एवढं सगळं करूनही साहेब हललेच नाहीत तर बाहेर पाहा. भोसरीतल्या लहान जॉब शॉपना सेटर-प्रोग्रॅमर सतत हवे असतात. तिथे कँटीन आणि बस नसेल, पण रोज वेगळा जॉब हाताखालून जाईल. मात्र ऑपरेटरचा ऑपरेटर म्हणून दोन हजार जास्त मिळतात एवढ्यासाठी कंपनी बदलू नका, सेटर म्हणूनच आत शिरा. आणि सोडताना पीएफ काढू नका. त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, ट्रान्स्फर करा, कारण पेन्शनला एकूण दहा वर्षांची सेवा लागते, आणि कॉन्ट्रॅक्टच्या काळात तुमचा पीएफ भरला असेल तर ती वर्षंही त्यात धरली जातात. पर्मनंटची पाच वर्षं झाल्यामुळे ग्रॅच्युइटीवर तुमचा हक्क आहे : शेवटच्या मूळ पगारात महागाई भत्ता मिळवायचा (नव्या कामगार संहितेनुसार ही रक्कम एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी धरता येत नाही), २६ने भागायचं, १५ने गुणायचं आणि झालेल्या वर्षांनी गुणायचं. हा हिशेब स्वतः करून मगच एचआरकडे जा.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारा पगार ही लहान गोष्ट नाही. वर लिहिलेल्यातलं जवळजवळ सगळं तो पगार चालू ठेवूनच करायचं आहे, हे त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न : काकू, मी जालना जिल्ह्यातला. बीएस्सी ॲग्री करून राज्यसेवेच्या तयारीला पुण्यात आलो. आता वय २९. पूर्व परीक्षा दोनदा निघाली, मुख्य एकदाही नाही. वडील अजून दर महिन्याला पैसे पाठवतात. गावात लग्नकार्याला जायला नको वाटतं, सगळे एकच प्रश्न विचारतात. अभ्यासिकेतले मित्र म्हणतात, वयाची अट ३८ आहे, अजून खूप वेळ आहे. थांबू की सोडू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तू काकू म्हणून लिहिलंस, म्हणून मीही घरातल्यासारखंच सांगते.

खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही अट तुझ्या मित्रांना मोकळीक वाटते. मला तिची काळजी वाटते. कारण बाकीची दारं तोपर्यंत थांबत नाहीत. तुझीच पदवी घे. बँकांतल्या कृषी अधिकारी पदाची आयबीपीएसची परीक्षा तुला देता येते, पण तिथे खुल्या गटाची वयोमर्यादा ३० आहे. आरक्षित गटांना काही वर्षांची सूट आहे, तुझा गट तू लिहिलेला नाहीस. ३८कडे पाहत बसलास तर हे दार पुढच्याच वाढदिवसाला बंद होईल आणि तुला कळणारही नाही. यंदाची जाहिरात आली की हा फॉर्म भरायचाच. अभ्यासाचा विषय तुझ्या पदवीचाच आहे.

दुसरी गोष्ट. ‘मुख्य एकदाही नाही’ हे तू एका ओळीत लिहून टाकलंस, पण सगळा निर्णय तिथेच आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली. २०२३मध्ये पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरल्यावर ती पुढे ढकलली होती, ते तुला माहीतच असेल. आता नऊ पेपर हाताने लिहायचे आहेत. तू रोज लिहितोस का? लिहिलेलं कोणाकडून तपासून घेतोस का? अभ्यासिकेत बारा तास बसणारी पण आठवड्यात एकही पूर्ण उत्तर न लिहिणारी मुलं मला भेटली आहेत. तू त्यांतला असशील तर आणखी एक प्रयत्न हा जुन्याच प्रयत्नाची नक्कल होईल. पुढचे दोन महिने रोज दोन उत्तरं लिही आणि निवड झालेल्या किंवा मुलाखतीपर्यंत गेलेल्या माणसाला दाखव. तो काय म्हणतो त्यावरून ठरव. मित्रांच्या धीर देण्यावरून ठरवू नकोस.

आणि दरम्यान काहीतरी काम धर. पुण्यातली खोली आणि मेस सोडून जालन्याला परत जाणं म्हणजे हार, असं तुझ्या मनात आहे, ते पत्रात जाणवतं. जालना हे बियाण्यांचं गाव आहे. देशभर बियाणं पाठवणाऱ्या कंपन्या तिथे उभ्या राहिल्या. त्यांना प्लॉट पाहणारी, शेतकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारी कृषी पदवीधर मुलं लागतात. शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही लागतात. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी शेतीचं शिक्षण असलेला माणूस दुकानात असावा लागतो, त्यामुळे तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रातही तुझ्या पदवीला किंमत आहे. अशा कामात दोन हंगाम काढलेस तर परीक्षेतलं शेतीचं उत्तरही वेगळं लिहिशील, आणि मुलाखतीत ‘गेली वर्षं काय केलं’ याला तुझ्याकडे खरं उत्तर असेल.

वडिलांशी बसून एक तारीख ठरव. अमुक परीक्षेचा निकाल, त्यापुढे त्यांनी पैसे पाठवायचे नाहीत. हे तू स्वतः सांगितलंस तर त्यांना बरंच हलकं वाटेल. त्यांनी तुला कधी विचारलं नसेल, पण ते हिशेब करत असतात.

प्रश्न : ताई, मी सांगलीची, बी.कॉम. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स पाहायचे. २०१४मध्ये धाकट्याच्या वेळी सोडलं. आता वय ४१, मुलं मोठी झाली. वर्षभर मी एकापाठोपाठ एक कोर्स करतेय : टॅली, ॲडव्हान्स एक्सेल, जीएसटी, आता पेरोल. सर्टिफिकेटं झाली, पण अर्ज करायचा म्हटलं की हात थांबतो. मध्ये इतकी वर्षं गेली, काय सांगू? सगळंच बदललंय असं वाटतं.
— एक वाचक, सांगली

उत्तर : पेरोलचा कोर्स पूर्ण करा, फी भरली आहे म्हणून. त्यानंतर एकही कोर्स नको. वर्गात चुकलं तर कोणाचं नुकसान होत नाही, म्हणून तिथे सुरक्षित वाटतं. पण तुमच्या हाताला जी सवय पुन्हा लागायला हवी आहे, ती खऱ्या बिलांच्या गठ्ठ्यावरच लागते.

सगळं बदललंय का? तुम्ही सोडलंत तेव्हा व्हॅट, एक्साइज, सर्व्हिस टॅक्स वेगवेगळे होते. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि ते त्यात गेले. त्या दिवशी तुमच्या जुन्या ऑफिसातली माणसंही तुमच्याइतकीच कोरी होती. ती कामाच्या रेट्यात शिकली. आणि या क्षणी तर परिस्थिती तुमच्या बाजूने आहे. १ एप्रिल २०२६पासून १९६१चा आयकर कायदा जाऊन नवा लागू झाला आहे. कलमांचे आकडे बदलले, ‘असेसमेंट इयर’ जाऊन ‘टॅक्स इयर’ आलं. वीस वर्षं टीडीएसची कलमं तोंडपाठ म्हणणारी माणसं आज पुस्तक उघडून बसली आहेत. इतक्या वर्षांनी परतणाऱ्या बाईसाठी याहून बरी वेळ मला आठवत नाही.

जे बदललं नाही ते मोठं आहे. बँकेचं पासबुक आणि लेजर जुळवणं, उधारीची यादी वयानुसार लावणं, खर्चाचं व्हाउचर पाहून ते चुकीच्या खात्यात गेलंय हे ओळखणं. ही नजर तुम्हाला त्या ऑफिसात मिळाली आहे. टॅलीचा नवा स्क्रीन आठवड्यात सवयीचा होतो, ही नजर कोर्सने येत नाही.

आता नेमकं काय मागायचं ते सांगते. सीएंच्या ऑफिसात जाऊन ‘काही काम असेल तर सांगा’ म्हणू नका. जीएसटीमध्ये दर महिन्याला एक कंटाळवाणं काम असतं. ११ तारखेपर्यंत विक्रीचं विवरण, जीएसटीआर-१, जातं. पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, जीएसटीआर-२बी, १४ला तयार होते, आणि २०ला कर भरण्याचं विवरण, ३बी, भरायचं असतं. १४ ते २० या सात दिवसांत प्रत्येक व्यापाऱ्याची खरेदीची बिलं २बीशी जुळवायची असतात. ज्या पुरवठादाराने बिल दाखवलंच नाही, त्याला फोन करून मागे लागावं लागतं, नाहीतर व्यापाऱ्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं. हे काम कोणालाच नको असतं. तुम्ही जा आणि म्हणा, ‘सर, मी दर महिन्याला १४ ते २० पूर्ण वेळ येते आणि तुमच्या दहा क्लायंटचं २बी जुळवून देते. पुरवठादारांना फोनही मीच करते.’ सांगलीत हळद आणि बेदाण्याचे अडते, कोल्ड स्टोअरेज, ट्रान्सपोर्टवाले इतके आहेत की अशी मदत नको म्हणणारं ऑफिस विरळाच.

वेळही पाहा. मेअखेरपर्यंत ऑफिसं टीडीएसच्या तिमाही विवरणात असतात. जुलैपासून रिटर्नांची गर्दी सुरू होते ती सप्टेंबरअखेरच्या टॅक्स ऑडिटपर्यंत संपत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात जा. गर्दीच्या आधी आलेल्या माणसाला शिकवायला त्यांच्याकडे वेळ असतो आणि गर्दीत तोच माणूस हाताशी लागतो. सुरुवात तुमच्या जुन्या सीएंपासून करा. त्यांना तुमचं अक्षरही आठवत असेल.

मधल्या वर्षांबद्दल अर्जात एकच ओळ पुरे : ‘२०१४ ते २०२६ : कुटुंबाची जबाबदारी.’ तिच्याखाली स्पष्टीकरण नको आणि माफीचा सूर तर अजिबात नको. या वर्षांत तुम्ही सोसायटीचे हिशेब पाहिले असतील, बचत गटाचं रजिस्टर लिहिलं असेल, घरच्या कोणाच्या दुकानाची बिलं केली असतील, तर ते वेगळ्या ओळीत लिहा, रकमेच्या अंदाजासकट. बायका हे लिहीतच नाहीत. मी मुलाखती घेताना ते खोदून काढायची आणि दर वेळी काहीतरी निघायचंच.

पैशांबद्दल स्पष्ट बोला. पहिले तीन महिने दर क्लायंटमागे ठरावीक रक्कम घ्या. फुकट नको, ‘शिकायला येते’ म्हणून तर नकोच. तीन महिन्यांनी तुमच्या हातून किती क्लायंटचं काम बिनचूक गेलं ते मोजा आणि पूर्ण वेळ की अर्धा वेळ, किती पगार, हे बोला. पुढे स्वतंत्रपणे काम करावंसं वाटलं तर वाणिज्य पदवीधराला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते. त्याला परीक्षा आहे, पण तोपर्यंत तुमचा हात बसलेला असेल.

जूनच्या १४ तारखेला तुम्ही कोणाच्या तरी ऑफिसात खुर्चीवर असायला हव्यात. जाताना स्वतःचं कॅल्क्युलेटर न्या आणि पुरवठादारांना केलेल्या फोनची नोंद ठेवायला एक लांब वही. पहिल्या महिन्यात कुठे अडलं ते मला नक्की लिहा, पुढच्या अंकात त्यावर बोलू.